फॅक्टरीतल्या नोकरीचा रेझ्युमे: मशीन लिहा, मटेरियल लिहा, माप लिहा

‘बायोडाटा’ हा एकच शब्द आपल्याकडे लग्नासाठीही चालतो आणि नोकरीसाठीही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. स्थळासाठीच्या कागदावर उंची, रक्तगट, जात, भावंडं काय करतात, शेती किती, हे सगळं लागतं. तोच साचा हातात घेऊन मुलं कंपनीच्या गेटवर उभी राहतात. वडिलांचं पूर्ण नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, मातृभाषा यांनी अर्धं पान भरतं आणि मुलगा कोणत्या मशीनवर उभा राहू शकतो, हे शेवटपर्यंत कळत नाही.

हे लिखाण आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्यांसाठी आहे. चाकण, रांजणगाव, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोव्यात वेर्णा, अशा औद्योगिक वसाहतींत अर्ज करणाऱ्यांसाठी. आयटी कंपनीच्या रेझ्युमेवर सल्ले भरपूर मिळतात. फिटर, टर्नर, वेल्डर, क्वालिटी इन्स्पेक्टर यांच्यासाठी मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय.

तुमचा कागद दोन माणसं वाचतात आणि दोघांची नजर वेगळी असते. आधी एचआर विभाग बघतो: ट्रेड कोणता, कोणत्या वर्षी पास, टक्के किती, राहायला कुठे. या चार गोष्टी पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात सापडल्या नाहीत, तर शोधत बसायला त्याला वेळ नसतो. तिथून सुटलेला कागद शॉपवरच्या इंजिनिअरकडे किंवा सुपरवायझरकडे जातो. त्याला एकच प्रश्न असतो: हा माणूस सोमवारी आला, तर त्याला कशावर उभं करायचं? रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीने या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. जी ओळ देत नाही, ती काढून टाका.

वरचा भाग

पानाच्या माथ्यावर ‘रेझ्युमे’ किंवा ‘करिक्युलम व्हिटे’ असं लिहू नका. तिथे तुमचं नाव हवं, १६ पॉइंटमध्ये. नावाचं स्पेलिंग आणि क्रम आधारप्रमाणे ठेवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा एका ठिकाणी एक अक्षर जास्त, असा फरक आपल्याकडे सर्रास असतो. अर्जाच्या वेळी त्याकडे कुणी बघत नाही, पण रुजू होताना पीएफचं केवायसी, म्हणजे खात्याची ओळख-पडताळणी, अडतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल, तर शिक्षणाच्या ओळीत ‘गुणपत्रिकेवरील नाव अमुक’ असं एकदा लिहून टाका.

नावाखाली मोबाइल, ईमेल आणि राहण्याचं ठिकाण. हा मजकूर वर्डच्या हेडरमध्ये टाकू नका, साध्या पानावरच लिहा. काही पोर्टलची यंत्रणा हेडरमधलं वाचतच नाही आणि तुमचा अर्ज नंबराशिवाय जमा होतो. पत्ता संपूर्ण नको. पण लातूरचा पत्ता देऊन चाकणला अर्ज करत असाल, तर ‘सध्या मुक्काम भोसरी’ किंवा ‘चाकणला राहण्याची तयारी’ हे शब्द हवेत. पहिली शिफ्ट सकाळी सहा-सातला सुरू होते, कंपनीची बस ठरावीक मार्गानेच फिरते, म्हणून ही ओळ तुम्हाला वाटते त्याहून जास्त वाचली जाते. जन्मतारीख द्या, कारण ट्रेनी आणि अप्रेंटिसच्या जाहिरातींत बहुतेकदा वयाची अट असते.

मग ‘ऑब्जेक्टिव्ह’. आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा कंपनीच्या प्रगतीसाठी उपयोग करणे वगैरे. हे वाक्य इतक्या कागदांवर आहे की डोळा त्यावरून घसरतो. त्याजागी एक ओळ लिहा: ‘मशिनिस्ट, आयटीआय २०२३, ६९ टक्के, व्हीएमसीवर १४ महिने, फॅनुक कंट्रोल, तिन्ही शिफ्टची तयारी.’ एचआरला लागणारं बहुतेक सगळं या एका ओळीत आलं. (सीएनसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, व्हीएमसी हा त्याचाच उभ्या स्पिंडलचा प्रकार, आणि फॅनुक हे कंट्रोल बनवणाऱ्या कंपनीचं नाव.)

काम कसं लिहायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. अनुभवाखाली नेहमी दिसणारं वाक्य म्हणजे ‘सीएनसी मशीन ऑपरेट करणे, क्वालिटी मेंटेन करणे, प्रॉडक्शन टार्गेट पूर्ण करणे’. हे खोटं नाही, पण यावरून एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही.

सीएनसीवाल्यांनी आधी ठरवावं की आपण ऑपरेटर आहोत, सेटर आहोत की प्रोग्रॅमर. शॉपवर या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि पगारही वेगळे. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, लावणं-काढणं, मोजणं आणि झीज बघून टूल ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या टूलच्या मापात, दोन-चार शतांश मिलिमीटर देणं हे ऑपरेटरचं काम. जॉब पकडणारे जॉ बोअर करणं, टूल बांधणं, वर्क ऑफसेट घेणं, पहिला नग काढून पास करून घेणं हे सेटरचं. ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम लिहिणं ही तिसरी गोष्ट. ऑपरेटर असून ‘प्रोग्रॅमिंग’ लिहिलं, तर मुलाखतीत कोरा कागद पुढे येतो: एक पायरीचा शाफ्ट काढून देतात आणि जी७१ ची रफिंग सायकल (जास्तीचं मटेरियल काढण्याचा कोड) लिहायला सांगतात. तिथे अडलात की आधी सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. त्यापेक्षा हे लिहा: ‘सीएनसी टर्निंग, फॅनुक कंट्रोल, एका शिफ्टला दोन मशीन. फोर्जिंगचे शाफ्ट, बाहेरचा व्यास ३२ मिमी, टॉलरन्स ±०.०२. इन्सर्ट बदलणे, टूल ऑफसेट, पहिल्या नगाची तपासणी. चालू प्रोग्रॅममध्ये फीड-स्पीड बदलता येतो.’ शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे आणि म्हणूनच वजनदार आहे. वाचणाऱ्याला कळतं की या मुलाला तीन महिन्यांत सेटर करता येईल.

इथे एक पथ्य पाळा. ग्राहक कंपनीचा पार्ट नंबर, ड्रॉइंग नंबर किंवा ड्रॉइंगचा फोटो रेझ्युमेत किंवा मोबाइलवर दाखवायला वापरू नका. ती माहिती तुमची नाही, आणि जुन्या कंपनीची गुपितं सांगणारा नव्या कंपनीचीही सांगेल, असंच समोरचा धरून चालतो.

वेल्डरने प्रोसेस, धातू, जाडी आणि पोझिशन या चार गोष्टी द्याव्यात. ‘सीओटू वेल्डिंग, एमएस प्लेट ६ ते १२ मिमी, फिलेट आणि ३जी’ असं लिहिलं की बोलणं पुढे सरकतं (३जी म्हणजे उभ्या स्थितीत मारलेला सांधा). टिग असेल तर पाइपचा व्यास आणि एसएस ३०४ की आणखी काही, ते लिहा. ६जी म्हणजे ४५ अंशांत बांधलेला, न फिरणारा पाइप. ज्याने तो खरंच केलाय त्याने रूट, म्हणजे सांध्याचा पहिला थर, कसा मारला हे सांगायची तयारी ठेवावी. प्रमाणपत्र असेल तर त्याची तारीख द्या. एएसएमई सेक्शन नऊ या वेल्डरच्या पात्रतेच्या नियमांत एखाद्या प्रोसेसवर सहा महिने काम केलं नाही, तर त्या प्रोसेसची पात्रता संपते, आणि नवी कंपनी बहुधा स्वतःची टेस्ट घेतेच. म्हणून ‘शेवटचं काम मार्च २०२५ पर्यंत याच प्रोसेसवर’ ही ओळ नुसत्या प्रमाणपत्राहून जास्त बोलते.

इलेक्ट्रिशियनच्या रेझ्युमेत ‘पीएलसी नॉलेज’ हे दोन शब्द सर्रास असतात. पीएलसी म्हणजे मशीनला हुकूम देणारा कंट्रोलर, आणि लॅडर हा त्याचा प्रोग्रॅम; पण त्या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. ऑनलाइन जाऊन कोणता इनपुट येत नाही एवढं बघता येतं, की बॅकअप घेता येतो, की लॅडर बदलता येतं? जे येतं ते, आणि पीएलसी कोणत्या कंपनीचा, हे लिहा. मोटरचा आकार लिहा: ‘५ ते ३० एचपी मोटर, डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर जोडणी व दुरुस्ती, ड्राइव्हचे पॅरामीटर टाकणे.’ वायरमनचा परवाना असेल तर क्रमांक आणि मुदत वरच्या भागातच द्या. मेंटेनन्सच्या जागेला तो पाहतात.

क्वालिटीसाठी उपकरणं नावाने आणि मापाने लिहा. व्हर्नियर ०–१५० मिमी, लघुत्तम माप ०.०२. मायक्रोमीटर ०–२५, लघुत्तम माप ०.०१. बोअर गेज, हाइट गेज, थ्रेड प्लग गेज. ‘सेव्हन क्यूसी टूल्स’ लिहिलंत तर पॅरेटो, म्हणजे दोष उतरत्या क्रमाने मांडणारा आलेख, काढून दाखवायची तयारी ठेवा. ‘जीडी अँड टी’ (ड्रॉइंगवर आकार-स्थितीची मर्यादा दाखवायची पद्धत) लिहिलंत तर फ्लॅटनेसला डेटम, म्हणजे मोजण्याचा संदर्भ, का लागत नाही आणि पॅरलेलिझमला का लागतो, हे सांगता यायला हवं. नियम साधा आहे: ज्या शब्दावर दोन मिनिटं बोलता येत नाही, तो शब्द कागदावर नको.

फ्रेशरला वाटतं, आपल्याकडे लिहायला काहीच नाही. आहे. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये केलेलं डोव्हटेल फिटिंग, लेथवर काढलेले व्ही-थ्रेड, डिप्लोमातल्या औद्योगिक प्रशिक्षणाचे आठवडे. प्रशिक्षणाखाली कंपनीचं नाव लिहून पुढे जाऊ नका. कोणत्या विभागात किती दिवस होतात आणि काय पाहिलं, काय हाताने केलं, ते लिहा. प्रोजेक्ट चार-पाच जणांचा असतो, त्यामुळे ‘मी’ने सुरू होणारं एक वाक्य हवं: फ्रेम मी वेल्ड केली, बेअरिंगची निवड मी केली, खर्चाचा तक्ता मी केला. सगळं बाहेरून करून आणलं असेल, तर प्रोजेक्टचं नुसतं नाव द्या आणि त्याचा गाजावाजा करू नका, कारण पहिला प्रश्न त्यावरच येतो.

कंत्राटी कामाची नोंद

या एका जागी चांगली मुलं विनाकारण अडकतात. तुम्ही मोठ्या कंपनीच्या लाइनवर दोन वर्षं उभे होता, पण पगार कंत्राटदाराकडून यायचा. रेझ्युमेवर लिहिलं त्या मोठ्या कंपनीचं नाव. नवी कंपनी पडताळणीला त्या कंपनीच्या एचआरला विचारते आणि उत्तर येतं, ‘या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता.’ तेही खोटं बोलत नाहीत, त्यांच्या रोलवर तुम्ही नव्हताच. पण तुमचा अर्ज ‘खोटा अनुभव’ म्हणून बाद होतो.

बरोबर पद्धत अशी: पहिल्या ओळीत मालक म्हणून कंत्राटदार फर्मचं नाव, जे पगारपत्रकावर छापलेलं असतं तेच. दुसऱ्या ओळीत ‘कामाचं ठिकाण: अमुक कंपनी, रांजणगाव, असेंब्ली लाइन’. मोठ्या कंपनीचं नाव यायचं ते येतंच, आणि कागदपत्रांशी जुळतंही. तारखा महिन्यासकट द्या आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीशी ताडून बघा. बारा आकडी यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) प्रत्येक मालकाकडे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि पडताळणीत ती मागतात. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या असतील, तर बहुतेक वेळा जुन्या कंत्राटदाराने सोडल्याची तारीख उशिरा किंवा चुकीची भरलेली असते. अर्ज करण्याआधीच ती दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण म्हणजे तुकडे. सात महिने इथे, ब्रेक, अकरा महिने तिथे, पुन्हा ब्रेक. पाच वेगळ्या नोंदी केल्या की हा मुलगा कुठे टिकत नाही असं चित्र उभं राहतं, खरं तर करारच तेवढ्याचा होता. त्या सगळ्या एका मथळ्याखाली घ्या: ‘कंत्राटी काम, जून २०२१ ते मे २०२४’. खाली प्रत्येक कंपनीची एक ओळ, महिने आणि शेवटी ‘करार पूर्ण’. तारखा लपवायच्या नाहीत, फक्त एकत्र मांडायच्या. सगळीकडे काम एकाच प्रकारचं असेल, तर कामाचं वर्णन पाच वेळा नको, एकदाच पुरे.

अप्रेंटिसशिपची नोंदही नोकरी म्हणून करू नका. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचा उमेदवार कंपनीचा कर्मचारी नसतो, त्याचा पीएफ कापला जात नाही, म्हणून ती नोकरी दाखवली तर पीएफच्या नोंदीत ती सापडणार नाही. ‘अप्रेंटिसशिप, एक वर्ष’ असंच लिहा आणि नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळालं असेल तर त्याचं वर्ष द्या. ते प्रमाणपत्र हातात असणाऱ्याला लपवाछपवीची काही गरजच नाही. काही भरतींत त्यालाच प्राधान्य असतं.

टक्के, केटी, गॅप

शिक्षण उलट क्रमाने: डिप्लोमा किंवा आयटीआय आधी, दहावी शेवटी. प्रत्येक ओळीत संस्था, मंडळ, पास झाल्याचं वर्ष, टक्के. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर तोच लिहा. टक्के मागितलेच तर तुमच्या विद्यापीठाने ठरवलेल्या सूत्राने काढा, सरसकट दहाने गुणू नका. ५९.६ चे ६० करू नका. ‘सगळीकडे ६० टक्के’ अशी अट असेल, तर मूळ गुणपत्रिका बघितल्या जातातच.

केटी लागल्या होत्या (विषय राहिले होते), वायडी झालं होतं (वर्ष गेलं होतं), हे रेझ्युमेत लिहायची गरज नाही. वर्षांवरून ते दिसतं आणि मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगायचं. पण वर्षभराहून मोठी गॅप असेल, तर तिथे एक ओळ द्या: घरची शेती, वडिलांचं आजारपण, भरतीची तयारी. कारण लहान असो, मोकळ्या जागेपेक्षा ते बरं. शेतीच्या काळात ट्रॅक्टर, पंप, स्टार्टर दुरुस्त केला असेल, तर मेंटेनन्सच्या जागेसाठी तो अनुभवच आहे. संकोच न करता लिहा.

एमएससीआयटी एका ओळीत. छंद नकोत. शेवटचं ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र खासगी कंपनीला लागत नाही. सरकारी अर्जाच्या नमुन्यात असेल तर तो नमुना जसाच्या तसा भरा.

फाइल

फ्रेशरला एक पान, पाच वर्षांपुढच्या अनुभवाला दोन. कागद ए४, चारही बाजूंना २ सेंमी समास, मजकूर ११ पॉइंट. डाव्या बाजूला रंगीत पट्टी, दोन रकाने, कौशल्यांपुढे तारे किंवा भरलेले गोळे असलेले तयार नमुने टाळा. ‘ऑटोकॅड चार तारे’ म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय दोन रकान्यांचा मजकूर पोर्टलची यंत्रणा कधीकधी आडवा वाचते आणि मोबाइल नंबर टक्केवारीला चिकटतो. घरच्या घरी परीक्षा घेता येते: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे जसा दिसेल, तसाच यंत्राला दिसतो. काहीच निवडता आलं नाही तर तो फोटो आहे, मजकूर नाही. सायबर कॅफेतून छापून मोबाइलने स्कॅन केलेल्या पीडीएफचं हेच होतं. वर्डची मूळ फाइल कॅफेवाल्याकडून मागून स्वतःच्या ईमेलवर ठेवा, नाहीतर दर वेळी एक ओळ बदलायला पैसे मोजावे लागतात आणि मग माणूस बदल करायचंच टाळतो.

फाइलचं नाव ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ नको; स्वतःचं नाव, ट्रेड आणि वर्ष असं हवं, इंग्रजी अक्षरांत. अर्ज मराठीत करायचा असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल समोरच्याच्या संगणकावर अगम्य अक्षरांची रांगोळी होऊन उघडते.

सोबतचा मजकूर

औद्योगिक वसाहतींत बरेचसे अर्ज व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने जातात, आणि सोबत असतं ‘सर जॉब आहे का’. विषयात पद आणि जाहिरातीतला क्रमांक लिहा, आणि खाली चार-पाच ओळी:

‘नमस्कार. चाकण प्लांटमधील व्हीएमसी ऑपरेटर पदासाठी अर्ज करत आहे. मशिनिस्ट आयटीआय, २०२३, ६९ टक्के. व्हीएमसीवर १४ महिने, फॅनुक कंट्रोल, अॅल्युमिनियम हाउसिंग. जाहिरातीत चौथ्या अॅक्सिसचा अनुभव मागितला आहे; तो चार महिन्यांचा आहे. सध्या भोसरीत राहतो, नोटीस ३० दिवस. रेझ्युमे जोडला आहे.’

जाहिरात ज्या भाषेत, त्याच भाषेत मजकूर. जाहिरातीत मागितलेली एखादी गोष्ट कमी असेल, तर ती लपवण्यापेक्षा किती आहे ते सांगा. रेझ्युमे फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पोर्टलवर पगार भरताना रकाना वर्षाचा आहे की महिन्याचा, रुपयांत की लाखांत, हे बघा. महिन्याचे १८,००० वर्षाच्या रकान्यात पडले की अर्ज चाळणीतच अडकतो. हातात येणारा पगार आणि सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) वेगळे असतात. कंपनीने भरलेला पीएफ सीटीसीत धरलेला असतो. नेमणूकपत्रावर आकडा असतो, तो बघून भरा.

आधार, पॅन, बँक पासबुक यांच्या प्रती पहिल्या अर्जासोबत कधीही पाठवू नका. ऑफर लेटर आल्यावर त्या मागतात. मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवायला देऊ नका. नोंदणी, गणवेश, मेडिकल, ‘गेटपास’ या नावाने कुणी आधी पैसे मागितले, तर तिथेच थांबा आणि त्या कंपनीच्या गेटवर जाऊन भरती खरंच चालू आहे का, ते विचारा.

एक वही ठेवा: तारीख, कंपनी, पद, कोणाला पाठवला, रेझ्युमेची कोणती आवृत्ती. व्हीएमसीसाठी एक आणि क्वालिटीसाठी दुसरा असे दोन रेझ्युमे असतील, तर फोन आल्यावर याच वहीतून कळतं की समोरच्याच्या हातात कोणता आहे. आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर एकदा फोन करा; सकाळी अकरानंतर, जेवणाच्या सुट्टीआधी. मुलाखतीला जाताना त्याच आवृत्तीच्या दोन छापील प्रती न्या. एक एचआर ठेवून घेतो, दुसरी शॉपवर तुमच्यासोबत जाते.